पायानं केलेली पत्रिका

दिव्यानी लोनबलेसमोर कुणी 'बाई, तुझे पायच तुझे हात' असं म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हणणारा कौतुकानंच म्हणायचा, त्यामुळे त्याला उलटून काही बोलताही यायचं नाही. पण पाय हे पायच होते. हिवाळ्यात त्यांना भेगा पडायच्या, उन्हाळ्यात घामानं माऊस अंगठ्यातून सटकायचा, आणि लग्नसराईत दिवसभर खुर्चीवर कंबर वाकवून बसलं की पोटऱ्यांत असे गोळे यायचे की संध्याकाळी बसथांब्यावर जाताना लोकांना वाटावं, ही लंगडते. हातांचं काम अंगावर पडलं म्हणून पायांना त्यांचं स्वतःचं काम काही कुणी माफ केलं नव्हतं. बोथलीच्या घरापासून फाट्यापर्यंत आणि चिमूरच्या स्टँडपासून दुकानापर्यंत तिला चालावं लागायचं ते त्याच पायांनी.

दुकानाचं नाव विक्की ग्राफिक्स. चिमूरच्या बाजारात, भांडीवाल्याच्या माडीवर. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, तेरवीच्या पत्रिका, गणेश मंडळांचे बॅनर असलं सगळं तिथं व्हायचं. निवडणूक आली की उमेदवारांचे हात जोडलेले फोटो यायचे. ते जोडलेले हात दिव्यानी पायाच्या अंगठ्यानं कडेकडेनं कातरून बॅनरवर बसवायची आणि मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनवायची. तेवढीच तिची करमणूक.

ती तिसरीत असताना शेजारच्या शेतात रानडुकरांसाठी वीज सोडलेल्या तारेला तिचे हात लागले. दोन्ही हात कोपराच्या वरून काढावे लागले. नागपूरच्या दवाखान्यातून परत आल्यावर बरेच दिवस तिची आई, गुणाबाई, तिला घास भरवायची. मग धानाच्या रोवणीचे दिवस आले. गुणाबाई शेतात, बांधीतल्या चिखलात, पोरगी घरात एकटी, आणि पोटात भूक. दिव्यानीनं पायानं ताट ओढलं आणि बोटांत भात धरून खाल्ला. गुणाबाई घरी आली, तिनं ते पाहिलं, आधी ताट हिसकावून घेतलं आणि मग चुलीपाशी बसून रडली. वडील, म्हणजे बापूजी, दुसऱ्या दिवशी सुताराकडे गेले आणि पोरीच्या मापाचा एक उंच पाट करून घेऊन आले. ताट त्याच्यावर ठेवलं की वाकावं लागायचं नाही. पुढं पाटी-पुस्तकही त्याच पाटावर आलं. बापूजींचं हे असं होतं. बोलायचं कमी, आणि जे करायचं ते नीट करायचं.

शाळेत नवीनच भानगड झाली. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून तो डोळ्यांना लावायचा, हे पोरांना घरीच शिकवलेलं असतं. आता जिचं पान उलटायचं तेच पायानं, तिनं किती वेळा नमस्कार करायचा? आणि कशानं करायचा? सुरुवातीला दिव्यानी प्रत्येक वेळी मान खाली नेऊन पुस्तकाला कपाळ टेकवायची. दोन ओळी लिहायच्या, टेकवायचं. शेवटी मानेत लचक भरली तेव्हा तिनं सोडून दिलं. सरस्वतीपूजनाच्या दिवशी बाईंनी तिला मागच्या रांगेत बसवलं. प्रेमानं बसवलं, हे त्यातलं वाईट.

कॉम्प्युटरशी तिचं पहिल्या दिवसापासून जमलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. कॉलेजच्या लॅबमध्ये टेबलं हातांच्या उंचीची. तिनं पाय वर घेतला की खुर्ची मागे जायची. कीबोर्ड खाली फरशीवर मांडला तर स्क्रीन दिसायची नाही. डाव्या पायाचा अंगठा एका बटणावर ठेवला की शेजारची दोन दाबली जायची. शिफ्ट दाबून अक्षर दाबायचं, म्हणजे दोन्ही पाय कीबोर्डवर आणि माऊस पोरका. एकदा वैतागून ती शिफ्टच्या बटणावर नुसती ठोसे मारत बसली, तर कॉम्प्युटर टुण्‌ वाजला आणि स्क्रीनवर चौकट उघडून त्यानं विचारलं, शिफ्ट एकदा दाबून सोडली तर ती दाबलेलीच धरू का? ही सोय त्यात आधीपासूनच होती. बाकी सगळं जग ती चौकट आली की घाईघाईनं बंद करतं. दिव्यानीनं 'हो' केलं. त्या दिवशी ती खूश होऊन घरी गेली. तिच्या कॉम्प्युटरच्या शिक्षणातला तो एवढाच आनंदाचा दिवस, बाकी सगळी घासाघीस.

तरी ती शिकली. विक्कीनं तिला कामावर घेतलं तेव्हा टेबलाचे पाय कापून घेतले आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. उजव्या पायात माऊस, डाव्याचा अंगठा कीबोर्डवर. बसण्याआधी ती मोरीत पाय असे घासून धुवायची की दुकानात हातानं काम करणाऱ्या कुणी हात तसे धुतले नसतील. विक्की तिच्यापेक्षा लहान, तिला ताई म्हणायचा, आणि मनानं वाईट नव्हता. पण एकदा शंकरपूरकडचा एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ पाहायला आला. त्यानं गणपतीचं चित्र पायाच्या अंगठ्यानं इकडून तिकडं सरकताना पाहिलं आणि मजकुराचा कागद उचलून चालता झाला. जाताना त्यानं खालच्या भांडीवाल्यालाही सांगितलं. त्या आठवड्यात दुकानात फुलाफुलांचा पडदा आला. विक्की म्हणाला, ताई, धूळ येते म्हणून लावला. दिव्यानी म्हणाली, बरं केलं.

तेव्हापासून गिऱ्हाईक पडद्याबाहेर आणि ती आत. बाहेर कुणी पत्रिका पाहून म्हणायचं, 'विक्कीभाऊ, हात साफ आहे बा तुमचा,' आणि विक्की अवघडून म्हणायचा, थँक्यू. आत बसून ती हे ऐकायची. पोटऱ्या दुखत असायच्या, आणि कौतुक तिकडं बाहेर वाटलं जात असायचं.

मध्ये नागपूरच्या एका संस्थेनं तिला पायानं चालवायचा खास माऊस दिला. त्यासाठी कार्यक्रम झाला, शाल आली. शाल खांद्यावरून घसरत राहिली आणि पाहुणे ती पुन्हा पुन्हा सावरत राहिले. पेपरात फोटोही आला. तो माऊस म्हणजे चपलेएवढी एक डुलणारी पाटी होती. बूट घालून तिच्यावर पाय ठेवायचा आणि पाऊल कलतं करायचं, की बाण सरकणार. ज्यानं बनवला त्याला पायाला बोटं असतात हे कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. दिव्यानीची बोटं बारीक रेघ ओढायची, अक्षराचा कोपरा धरायची. त्या पाटीवर बाण असा पळायचा की गणपतीची सोंड थेट नवरदेवाच्या नावावर जाऊन पडायची. आठवडाभर तिनं मन लावून खटपट केली. मग तो माऊस कपाटावर गेला. संस्थेतून अधूनमधून फोन यायचा, वापरता ना ताई? ती म्हणायची, हो जी, रोज वापरते. खरं सांगायचं तर पुन्हा कार्यक्रम होण्याची भीती होती.

एवढं सगळं सोसून तिची एकच हौस होती. धाकटा भाऊ पियुष मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवायचा. त्याच्या लग्नाची पत्रिका ती करणार होती. आपल्या घरची, आपल्या नावानं, पडदा नाही की विक्की नाही. पत्रिका गावात वाटली जाईल तेव्हा बापूजी म्हणतील, आमच्या पोरीनं केली. तिला बस एवढंच ऐकायचं होतं.

पियुषचं साक्षगंध झालं ते ब्रह्मपुरीजवळच्या मयुरी ठेंगरीशी. मुलगी गोड होती. तिचे वडील वासुदेवजी गावातल्या भजन मंडळाचे पुढारी, बोलायला मऊ, कपाळावर बुक्का. पंगतीत दिव्यानी कोपऱ्यात पाटासमोर बसून पायानं जेवत होती, तेव्हा त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. असं करणारे पुष्कळ भेटायचे, तिनं मनावर घेतलं नाही. घरी आल्यावर तिनं पियुषच्या पत्रिकेचे नमुने करायला घेतले. मोर नाही, सनई-चौघडा नाही. धानाच्या पिकल्या लोंब्यांची चौकट, आणि मधे नावं. पियुषला तिनं मोबाईलवर दाखवलं. तो म्हणाला, मस्त आहे, आणि तिच्याकडं न बघता गाडी धुवायला गेला.

मग बापूजींनी एका संध्याकाळी, जेवताना, ताटाकडं बघत सांगितलं की पत्रिका पोरीकडले करून राह्यले. दोन्ही घरची एकच. आपल्याला त्रास नाही. दिव्यानीला माहीत होतं की या भागात दोन्ही घरं आपापली पत्रिका छापतात. तिनं विचारलं, काऊन? बापूजी म्हणाले, त्याइचीच हौस आहे. गुणाबाईनं लगेच भात वाढला, कुणीही मागितलेला नसताना. दिव्यानीनं तो भात आणि ते उत्तर, दोन्ही गिळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात लग्नसराई अंगावर आली. अशा दिवसांत ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेडकडच्या छापखान्यांना मराठी मजकूर जुळवायला माणसं पुरत नाहीत. ते कागदाचा फोटो काढून विक्कीला मोबाईलवर पाठवतात, इथं दिव्यानी पत्रिका करते, फाईल परत जाते, आणि छपाई तिकडं होते. गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही, कळायचं कारणही नाही. त्या दुपारी ब्रह्मपुरीच्या छापखान्यातून असेच फोटो आले. सोबत निरोप होता की गिऱ्हाईक देवाधर्माचं आहे, काम नीट करा.

दिव्यानीनं पहिला फोटो उघडला आणि तिचा पाय माऊसवरच थांबला. बापूजींचं अक्षर होतं. ते आधी सगळी ओळ लिहून घेतात आणि मग डोक्यावरची रेघ एका दमात मारतात. वर श्री गणेशाय नमः, त्याखाली श्रीहरी बालाजी प्रसन्न, मग चिरंजीव पियुष. म्हणजे पोरीकडले कुणी नाही, बापूजी स्वतः जीप धरून, उन्हातान्हात, ब्रह्मपुरीला गेले होते. चिमूरला त्यांची पोरगी बसली असताना, त्या पोरीचं दुकान ओलांडून.

खाली नावांची रांग होती. निमंत्रकांत बापूजी, गुणाबाई, काका, काकू. सगळ्यात शेवटी लहान पोरांची किलबिल असते ना, 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं' अशी, तिथं शेजारच्या बारक्या पोरांच्या नावांसोबत तिचं नाव होतं. कु. दिव्यानी. सत्तावीस वर्षांची बाई किलबिल करत होती.

विक्कीनं मागून वाचलं होतं. तो हळूच म्हणाला, 'ताई, हे तर तुमच्या घरचं आहे.'

तिनं पियुषला फोन लावला. पियुष आधी जंगलात रेंज नाही म्हणाला, मग बोलला. साक्षगंधानंतर वासुदेवजींनी बापूजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पोरीबद्दल आपलं काही म्हणणं नाही, देवानं तिला तसं केलं, पण देवाचं नाव असलेली पत्रिका पायाखालून निघू नये. लोक काय म्हणतील. शुभकार्य आहे. आणि बापूजी हो म्हणाले होते. 'मी तुले सांगनारच होतो, ताई,' पियुष म्हणाला. 'बाबा तरी काय करतीन?'

दिव्यानीला फोन कापायचा होता. तोही धड कापला जाईना. अंगठ्याला घाम आला होता आणि ओला अंगठा मोबाईलला कळत नाही. पियुष तिकडून हॅलो हॅलो करत राहिला आणि ती इकडं त्या लाल ठिपक्यावर अंगठा घासत राहिली. तिला रडू आलं ते त्या ठिपक्यामुळं, असं तिनं विक्कीला दाखवलं.

विक्की म्हणाला, सोडून द्या, मी म्हणतो लाईट नाही, उमरेडला पाठवून देतील. दिव्यानी उठली. मोरीत जाऊन तिनं पाय धुतले, दगडानं टाचा घासल्या, टॉवेलवर कोरडे केले आणि परत येऊन बसली.

तिनं ती पत्रिका का केली, हे तिला विचारलं असतं तर तिलाही नीट सांगता आलं नसतं. सूड म्हणून करावी तर कुणाला कळणार नव्हतं. माया म्हणावी तर राग डोक्यात मावत नव्हता. एवढंच होतं की ते काम दुसऱ्या कुणाकडं जाऊन वाईट झालं असतं, तर ते तिला बघवलं नसतं. लोंब्यांची चौकट तिनं वापरली नाही. ती तिनं आपल्या घरासाठी केली होती, आणि हा कागद घरातून बाहेर नेलेला होता. त्याऐवजी तिनं पळसाच्या पानांची एक साधी वेल काढली, पान न् पान वेगळं वळवून. मयुरीचं नाव ओळीत नीट बसेना, ते बसेपर्यंत तिनं उजव्या पायाला सुट्टी दिली नाही. मजकूर मात्र दिला तसाच ठेवला. स्वतःचं नाव किलबिलमधून उचलून वर न्यायला एकदाच अंगठा दाबायचा होता. तिनं दाबला नाही. गिऱ्हाइकाचा मजकूर बदलायचा नसतो.

संध्याकाळी फाईल ब्रह्मपुरीला गेली आणि तिकडून उत्तर आलं की गिऱ्हाईक खूश.

रविवारी सकाळी बापूजी पत्रिकांचे गठ्ठे घेऊन आले. दिव्यानी घरीच होती. बापूजींनी ओसरीत चटई टाकली, हात धुऊन पुसले, आणि वरचा कागद फाडून एक पत्रिका अशी काढली जशी काही ती मोडेल. मग त्यांनी ती गुणाबाईला दाखवली, शेजारच्या इतवारीला हाक मारून दाखवली, स्वतः पुन्हा उजेडात नेऊन पाहिली. एवढं बोलताना दिव्यानीनं त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

'काय साजरं काम केलं आहे बाप्पा,' ते म्हणत होते. 'हे पान पाहा, एकासारखं दुसरं नाई. अक्षर पाहा. डोळ्याले त्रास नाई. ज्यानं केलं त्याचं मन असन त्याच्यात, मनाशिवाय असं होतच नाई.' मग त्यांना दिव्यानी दिसली. ते जरा अडखळले, आणि तिची समजूत घालावी म्हणून म्हणाले की चिमूरचं काम वाईट नसतेच, पण हे हाताचं काम आहे, हातात फरक पडतेच. छापखान्यात त्यांनी मुद्दाम विचारून घेतलं होतं, हातानंच करता ना बाप्पा? छापखानेवाला हसला होता.

आयुष्यभर जे ऐकायची वाट पाहिली ते दिव्यानीनं त्या सकाळी ऐकलं, शब्दन् शब्द, आणि त्यातला एकही तिचा नव्हता. बापूजींनी पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं आणि पहिली पत्रिका देवाच्या फळीवर ठेवली. गुणाबाईनं हात जोडले. दिव्यानीनं मान झुकवली नाही, आणि कुणी तिच्याकडं पाहिलंही नाही.

दुपारी वासुदेवजी लग्नाचं बोलायला आणि आपला गठ्ठा न्यायला आले. चहा झाला. एका हातात कप आणि दुसऱ्यात पत्रिका धरून त्यांनी वरच्या ओळी वाचल्या, देवाचं नाव आलं तिथं पत्रिका कपाळाला लावली, मग दोन्ही डोळ्यांना लावली. त्यांनाही ती आवडली होती, मनापासून आवडली होती. दिव्यानी भिंतीला टेकून समोरच बसली होती. वासुदेवजी एकदा तिच्याकडं पाहून बापूजींना म्हणाले, 'वाईट नका वाटून घेऊ, इवाईजी. पन हाताचं काम ते हाताचंच असते.'

'हो जी,' बापूजी म्हणाले.

सकाळचं सगळं तिनं सोसलं होतं. हे 'हो जी' तिच्यानं सोसवलं नाही.

'ते पायाचं काम आहे जी,' दिव्यानी म्हणाली. 'माह्या पायाचं. ब्रह्मपुरीचं काम आमच्याकडं येते. हे बी आलं होतं. तुमच्या घरची नावं, मयुरीचं नाव, देवाचं नाव, सगळं मीच बसवलं.'

वासुदेवजींची मोठी पंचाईत झाली. पत्रिका खाली ठेवावी तर तिच्यावर देवाचं नाव, जमिनीवर ठेवता येत नाही. हातात धरावी तर ती पायानं केलेली. आणि कपाळाला, डोळ्यांना तर आधीच लावून झालेली. दुसऱ्या हातात चहा, तो पिववेना आणि कपही ठेववेना. ते तसेच बसून राहिले. दुसरी कोणती वेळ असती तर दिव्यानीला हसू आलं असतं.

'तुमाले माहीत होतं?' त्यांनी शेवटी बापूजींना विचारलं.

'नाई जी,' बापूजी म्हणाले. ते खरंच होतं, पण ते त्यांनी इतक्या घाईनं सांगितलं की दिव्यानीला त्याचाही राग आला.

वासुदेवजींनी मनाशी काय हिशोब केला कोण जाणे. लग्न तोंडावर आलं होतं, नवीन पत्रिका छापून वाटायला वेळ नव्हता, आणि पोरीचं जमलेलं लग्न या कारणानं मोडलं असं चारचौघांत सांगायची त्यांची स्वतःचीच तयारी नसावी. त्यांनी पत्रिका गठ्ठ्यावर परत ठेवली, दोरी बांधली आणि उठले. घरी गेल्यावर पानी शिंपडून घेतो, एवढंच पुटपुटले. गुणाबाई त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेली. गाडीला गठ्ठा बांधून ते निघून गेले, म्हणजे लग्न होणार होतं.

गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत बापूजी उभेच होते. मग ते वळले. त्यांचा चेहरा उतरला होता आणि आवाज चढला होता. 'काय गरज होती बोलाची? चूप बसली असती तर काय झालं असतं? पियुषचं लगन मोडलं असतं म्हंजे? कोनाले सांगू नको आता हे. गावात कोनालेच सांगू नको.'

दिव्यानीला वाटलं होतं की एकदा बोलून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उलट इतक्या वर्षांचा थकवा एकदम पोटऱ्यांत उतरला. ती उठली नाही.

'नाई सांगत,' ती म्हणाली. 'पन सकाळी काय म्हनत होते तुमी, बाबा?'

'काय म्हनत होतो?'

'पत्रिका हातात घेऊन. मायले सांगत होते, इतवारीभाऊले सांगत होते. तेच आता म्हना. मले.'

फाटकातून परत येणारी गुणाबाई दारातच थांबली. बापूजींनी गठ्ठ्यातली एक पत्रिका उचलली आणि पाहिली. सकाळी पाहिली होती त्यापेक्षा जास्त वेळ पाहिली, एकेक पान पाहिलं. मग त्यांची नजर तिच्या पायांकडं गेली, भेगा पडलेल्या टाचा, अंगठ्याच्या मुळाशी माऊसनं पडलेला काळा घट्टा. त्यांनी हे पाय रोज पाहिले होते.

'साजरं आहे,' ते पत्रिकेकडं बघत म्हणाले.

'माह्याकडं पाहून म्हना.'

त्यांनी मान वर केली. 'साजरं आहे, बाई,' ते म्हणाले, आणि नजर पुन्हा पत्रिकेवर नेली.

दिव्यानीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती गुडघाही वर घेत नव्हती. 'सकाळी लय बोलले होते तुमी,' ती म्हणाली. 'सगळं म्हना.'